धुराड्यालाही दुसरा काटा हवा

(कोरडवाहू कापूस व ज्वारी उत्पादकांच्या जिल्हा बैठकांसाठी. महाळुंगे पडवळ, ता. आंबेगाव, जि. पुणे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर.)



महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनूंचे गाव. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईच्या काळबादेवीत परदेशी कापडाने भरलेल्या ट्रकपुढे हा गिरणी कामगार आडवा झाला आणि ट्रक त्याच्या अंगावरून गेला. कापूस पिकवणाऱ्याने या गावात पाय ठेवल्यावर आधी त्या नावाला हात जोडावेत आणि मगच बोलायला उभे राहावे, म्हणून एवढे बोललो.

आज आम्ही कापसाच्या भावावर बोलणार नाही. विषय असा आहे : अणुवीज केंद्राच्या धुराड्यातून किरणोत्सारी वायू बाहेर पडतात, ते किती पडले हे मोजणारे यंत्रच बंद पडले तर मोजायचे कसे? विषय ऐकून पुढच्या रांगेतल्या काही जणांनी एकमेकांकडे पाहिले, ते आमच्या नजरेतून सुटले नाही. ज्याच्या शेतात कपाशी बोंडअळीने खाल्ली आणि ज्वारी पाखरांनी टिपली, त्याला या धुराड्याशी काय देणेघेणे, असे मनात आले असेल. थोडा धीर धरा. हा विषय मापाचा आहे, आणि मापातले पाप शेतकऱ्याइतके दुसऱ्या कुणाला कळत नाही.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगून टाकतो. तारापूर इथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि मधे सह्याद्री उभा आहे. रोजच्या कारभारात तारापूरच्या धुराड्यातून जे सुटते त्याने आंबेगाव-जुन्नरच्या माणसाला काही होत नाही. खानदेशातून आलेल्या भावांना गुजरातेतले काकरापार त्या मानाने जवळ. ते तापीच्याच खोऱ्यात, नवापूरच्या पलीकडे आहे. जैतापूरला सहा मोठ्या भट्ट्यांचा प्रस्ताव आहे. यवतमाळ-परभणीच्या माणसाला यातले काहीच जवळ नाही. तेव्हा भीती विकायला आम्ही उभे राहिलेलो नाही. अणुवीज हवी की नको, हा वादही आज इथे काढत नाही.

शिवाय या भागातला एक प्रश्न नेहमी येतो, त्याचेही उत्तर देऊन टाकू. नारायणगावजवळ खोडदला त्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या मोठमोठ्या जाळीच्या थाळ्या आहेत. कुणी विचारतो, त्यातून किरणोत्सर्ग येतो का हो? त्यातून काहीही येत नाही. ती रेडिओ दुर्बीण आहे. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकण्याचे काम ती करते. ती फक्त कान आहे, तोंड नव्हे. रेडिओ आणि रेडिओअ‍ॅक्टिव्ह या दोन शब्दांत नावापलीकडे साम्य नाही.

भुईकाट्यावर शिकलेले

आमच्यातल्या एका भावाने एका वर्षी कापसाची गाडी विकायला नेली. घेणाऱ्याच्या भुईकाट्यावर वजन झाले. आकडा पाहून याच्या मनात शंका आली, कारण घरी भरताना प्रत्येक बोजा ताणकाट्याला लावून त्याने वजन वहीत लिहून ठेवले होते. बेरजेत आणि भुईकाट्यात पाऊण क्विंटलचा फरक. घेणारा म्हणाला, काटा इलेक्ट्रॉनिक आहे, तो खोटे बोलत नाही. आमच्या भावाने गाडी तशीच बाहेर काढली आणि रस्त्यावरच्या एका लाकडाच्या वखारीच्या काट्यावर नेली. तिथला आकडा वहीशी जुळला.

यात ध्यानात घेण्यासारखे काय आहे? दुसरा काटा त्याच आवारात, त्याच मालकाचा असता तर त्याचा उपयोग नव्हता. ताणकाट्याला वीज लागत नव्हती, म्हणून भारनियमनातही घरचे वजन झाले. आणि वही आधी लिहिलेली होती. भांडण झाल्यावर लिहिली असती तर तिला कुणी विचारले नसते. धुराड्याच्या बाबतीत जगभर जे शहाणपण अपघात सोसून आले, ते यापेक्षा फार वेगळे नाही.

धुराड्यातून येते काय

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ साली वीज देऊ लागल्या. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या बनावटीच्या, उकळत्या पाण्याच्या या भट्ट्या. भट्टीत जे पाणी उकळते त्याचीच वाफ थेट टर्बाइनवर जाते. इंधनाच्या कांड्यांवर धातूचे आवरण असते. त्याला सुईच्या टोकाएवढे भोक पडले तरी आतले झेनॉन आणि क्रिप्टॉन हे वायू वाफेबरोबर बाहेर निघतात. पुढे वाफेचे पाणी होते, पण या वायूंचे होत नाही. त्यांना बाजूला खेचून काढतात, लांबलचक नळांतून मुद्दाम वेळ काढत नेतात, गाळतात आणि उंच धुराड्यातून वर सोडतात. वेळ काढायचा कारण यातले बरेचसे वायू आपोआप विझत जातात. क्रिप्टॉन-८८ पावणेतीन-तीन तासांत निम्मा होतो, झेनॉन-१३३ ला सव्वापाच दिवस लागतात. क्रिप्टॉन-८५ मात्र चिवट. त्याला निम्मे व्हायला पावणेअकरा वर्षे लागतात. तारापूरच्या पुढच्या दोन भट्ट्या, २००५ आणि २००६ साली सुरू झालेल्या, जड पाण्याच्या आहेत. त्यांच्या धुराड्यात मुख्यतः ट्रिशियमवाल्या वाफेवर नजर ठेवावी लागते.

झेनॉन आणि क्रिप्टॉन कशाला चिकटत नाहीत. वाऱ्याबरोबर आले, डोक्यावरून गेले. आयोडीन-१३१ तसे नाही. ते गवतावर बसते, ते गवत गाय-शेळी खाते, दुधात उतरते आणि दूध पिणाऱ्या लेकराच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन साठते. आठ दिवसांत निम्मे होते, पण त्या आठ दिवसांत दूध थांबवले नाही तर व्हायचे ते होऊन जाते. ऑक्टोबर १९५७ मध्ये इंग्लंडात विंडस्केलच्या भट्टीला आग लागली, तेव्हा सुमारे पाचशे चौरस किलोमीटर मुलखातले दूध ओतून द्यावे लागले होते. म्हणजे धुराड्याचा हिशेब चुकला तर पहिला फटका दूधवाल्याला.

आता मोजतात कसे ते पाहू. धुराड्यातून जाणाऱ्या हवेतली थोडी हवा एका बारीक नळीने सतत ओढून घेतात. ती आधी कागदाच्या गाळणीतून जाते, तिथे किरणोत्सारी धूळ अडकते. मग कोळशाची डबी, तिथे आयोडीन अडकते. उरलेली हवा एका भांड्यातून जाते आणि तिथले यंत्र वायूंचा किरणोत्सर्ग मोजत राहते. शेजारी आणखी एक यंत्र, धुराड्यातून तासाला एकूण किती हवा जाते ते सांगणारे. दोन्हींचा गुणाकार केला की बाहेर किती गेले ते कळते. डेअरीवर नुसत्या फॅटवर पैसे मिळत नाहीत आणि नुसत्या लिटरवरही नाही, तसेच हे. दोहोंपैकी एक आकडा गेला की हिशेब गेला.

यंत्र बंद पडले तर

साध्या दिवशी, भट्टी नीट चालू असताना, यंत्र बंद पडणे ही काही नवलाची गोष्ट नाही. पंप जळतो, नळी तुंबते, सुटा भाग मिळत नाही. अमेरिकेतल्या केंद्रांना घालून दिलेल्या नमुना-नियमांत यावरचा उपाय अगदी घरगुती आहे. वायूचे यंत्र बंद असेल तर दर बारा तासांनी माणसाने जाऊन बाटलीत हवा भरून आणायची आणि चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत मोजायची. हवेच्या प्रवाहाचे यंत्र बंद असेल तर दर चार तासांनी प्रवाहाचा अंदाज काढून नोंदवायचा. आयोडीनचा पंप बंद असेल तर दुसरा पंप जोडून कोळशाची डबी चालूच ठेवायची.

यातल्या बाटलीच्या उपायावर आमचा आक्षेप आहे. बाटलीत त्या घटकेची हवा येते. सकाळी सहाला भरली आणि संध्याकाळी सहाला भरली. दुपारी बाराला जे निघून गेले ते कुणाच्या वहीत आले? बाटली म्हणजे फोटो आहे. कोळशाची डबी मात्र बारा तास जे आले ते अडकवून ठेवते, ती कुणी पाहायला नसतानाही हिशेब लिहीत असते. म्हणून बाटलीच्या जोडीला सतत साठवत राहणारे काहीतरी असलेच पाहिजे.

अपघाताच्या दिवशी तर याहून वेगळ्या दोन अडचणी येतात. एक, यंत्र बंद पडत नाही, पण त्याची सुई शेवटच्या रेघेला जाऊन टेकते. दहा किलोच्या काट्यावर पन्नास किलोचे पोते ठेवावे तसे होते. वजन दहाच्या वर आहे एवढेच कळते, किती वर ते कळत नाही. दुसरी, बाटली भरायला माणूस जवळ जाऊ शकत नाही. हे दोन्ही एकदा घडले आहे, आणि त्यातून जे झाले ते सविस्तर सांगण्यासारखे आहे.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड नावाचे केंद्र आहे. भोवताली शेती आणि दुभती जनावरे. २८ मार्च १९७९ च्या पहाटे तिथल्या दुसऱ्या भट्टीत बिघाड झाला, पाणी कमी पडले आणि इंधनाचा मोठा भाग वितळला. धुराड्यावरच्या मोजयंत्राची सुई टोकाला टेकून बसली. किती वायू बाहेर जातोय ते धुराड्यावरून सांगता येईना. मग हेलिकॉप्टर वर पाठवून हवेत मोजमाप सुरू केले. आयोडीन मोजणाऱ्या कोळशाच्या डब्यांनीही घोटाळा केला. कोळशाने आयोडीनबरोबर झेनॉनही धरून ठेवला आणि आकडे खोटेच फुगले. (त्या अपघातापासून अशा वेळी कोळशाऐवजी चांदीवाल्या झिओलाइटची डबी वापरावी, असा धडा घेतला गेला.)

तिसऱ्या दिवशी, शुक्रवार ३० मार्चला सकाळी, एका टाकीतला वायू केंद्राने सोडला. वर घिरट्या घालणाऱ्या हेलिकॉप्टरने धुराड्याच्या माथ्यावर, सुमारे १३० फूट उंचीवर, ताशी १२०० मिलिरेम असा आकडा घेतला. त्याच वेळी राजधानीजवळच्या नियामक मंडळाच्या कार्यालयात एका अधिकाऱ्याने कागदावर हिशेब मांडला होता, की टाक्या भरून वायू सुटू लागला तर केंद्राच्या फाटकापाशी, जमिनीवर, किती किरणोत्सर्ग होईल. त्याचे उत्तरही १२०० आले होते. फोनवरून बातमी आली, ‘बाराशे.’ कार्यालयातल्यांना वाटले, हिशेब खरा ठरला. बाराशे कुठे मोजले, धुराड्याच्या तोंडावर की लोकांच्या दारात, हे कुणी विचारले नाही. त्यांनी राज्यपालांना लोक हलवण्याची शिफारस केली. राज्यपाल थॉर्नबर्ग यांनी दुपारी पाच मैलांच्या आतल्या गरोदर बायांना आणि शाळेत न जाणाऱ्या लेकरांना बाहेर पडायला सांगितले. प्रत्यक्षात लाखाहून अधिक माणसे घरे सोडून निघाली. नंतरच्या चौकश्यांत दिसले, की लोकांच्या अंगावर आलेला किरणोत्सर्ग फार थोडा होता.

आकडा खरा होता. मोजणाऱ्याने चूक केली नव्हती. नुसता आकडा पुढे गेला आणि जागा मागे राहिली, म्हणून मुलूख रिकामा झाला. आपल्याकडे बाजार समितीच्या भावफलकावर नुसते ‘कापूस सात हजार’ लिहून ठेवतात. कोणत्या तारखेचा, कोणत्या प्रतीचा, लिहीत नाहीत. गडी त्यावर भरवसा ठेवून गाडी जुंपतो आणि तोंडघशी पडतो. यात आणि त्यात आम्हाला फरक दिसत नाही.

आणि शेवटी त्या अपघातात एकूण किती वायू गेला, याचा हिशेब लावायला कामाला काय आले? केंद्राभोवती आधीच टांगून ठेवलेले छोटे बिल्ले. या बिल्ल्यातल्या भुकटीत किरणोत्सर्गाची खूण साठून राहते आणि ती तापवली की उजेड पडतो. जेवढा उजेड, तेवढा किरणोत्सर्ग. त्याला वीज लागत नाही, तार लागत नाही, त्याची सुई टोकाला टेकत नाही. आपल्या देशात भाभा अणुसंशोधन केंद्राने कॅल्शियम सल्फेटचे असे बिल्ले बनवले आहेत. कामगारांच्या छातीवर तेच लागतात आणि केंद्रांभोवतीच्या गावांतही लावून ठराविक महिन्यांनी वाचले जातात. उणीव एवढीच, की बिल्ला सगळ्या काळाची बेरीज सांगतो, कोणत्या दिवशी किती ते सांगत नाही. तो नंतरच्या हिशेबाचा साक्षीदार आहे, त्या घडीचा राखणदार नव्हे.

त्या घडीसाठी अमेरिकेच्या नियामक मंडळाने नंतर सगळ्या केंद्रांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, फार मोठा किरणोत्सर्गही मोजू शकेल असे जास्त आवाक्याचे यंत्र धुराड्यावर बसवा. दोन, ते बसेपर्यंत हातातले साधे मोजयंत्र धुराड्याच्या नळाशेजारी एका ठरलेल्या खुणेवर धरा, आणि तिथे इतका आकडा आला तर आत इतका वायू आहे, असा तक्ता आधीच तयार करून ठेवा. दुसरी गोष्ट आम्हाला जास्त आवडली. पैसा कमी आणि अक्कल जास्त. पण तक्ता अपघाताच्या आधी झाला पाहिजे. खूण भिंतीवर रंगवलेली पाहिजे. रात्रपाळीच्या माणसाने ते करून पाहिलेले पाहिजे.

आणखी एक साक्षीदार आहे, तो आपल्या गोठ्यातला. शेळी दिवसभर रानोमाळ चरते आणि तिच्या थायरॉइड ग्रंथीत आयोडीन साठते. आपल्या केंद्रांभोवती दुधाच्या नमुन्यांबरोबर शेळीची ही ग्रंथीही तपासण्याची पद्धत आहे. हवेच्या नमुन्यात जे सापडत नाही इतके थोडे आयोडीनही तिथे सापडू शकते. कोट्यवधींच्या यंत्राला जे दिसत नाही ते कसाबाकडच्या शेळीच्या गळ्यात दिसते, हे ऐकून आम्हालाही पहिल्यांदा हसू आले होते.

दोन काटे, एकच दावण

राखीव व्यवस्था आहे, एवढ्यावर समाधान मानायचे का? नरोराची गोष्ट ऐका. उत्तर प्रदेशात गंगेकाठी हे केंद्र आहे. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे तिथल्या पहिल्या भट्टीच्या टर्बाइनची पाती तुटली, आग लागली. मुख्य विजेच्या तारा आणि राखीव विजेच्या तारा एकाच वाटेने नेलेल्या होत्या, मधे आग अडवणारा आडोसा नव्हता. दोन्ही जळाल्या. सतरा तास त्या भट्टीला वीज नव्हती. नियंत्रण कक्षात धूर भरला, माणसांना बाहेर पडावे लागले. काही कर्मचारी हातात बॅटऱ्या घेऊन अंधारात वर चढले आणि हाताने झडपा उघडून त्यांनी भट्टीत बोरॉनचे पाणी सोडले. आग विझवण्याच्या डिझेल पंपांनी थंड करायला पाणी दिले. किरणोत्सर्ग बाहेर गेला नाही, देश वाचला. त्या माणसांची नावे आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवी होती. पण कागदावर तिथे राखीव वीज होती, हे विसरू नका. दोन बैल एकाच दावणीला बांधले आणि दावणीला आग लागली, तर दुसरा बैल कशाचा राखीव?

फुकुशिमाला तेच मोठ्या प्रमाणावर झाले. ११ मार्च २०११ ला भूकंप आणि समुद्राची लाट आली, वीज गेली. धुराड्याची मोजयंत्रे गेली, कुंपणावरची मोजयंत्रे गेली. प्रांतात जागोजाग बसवलेल्या २४ मोजणी केंद्रांपैकी २३ निकामी झाली. वारा कोणीकडे, वायू कोणीकडे, हे सांगणारी संगणकाची व्यवस्था सरकारकडे होती, पण धुराड्यातून किती सुटले हा आकडाच तिला मिळेना. गाडीत मोजयंत्र घालून माणसे फिरत राहिली. १५ मार्चला वारा वायव्येकडे वळला, पाऊस-बर्फ पडला आणि इताते नावाच्या गावावर किरणोत्सारी पदार्थ खाली आले. गाव केंद्रापासून तीस किलोमीटरच्या पलीकडे, चांगल्या गोमांसासाठी प्रसिद्ध. तिथल्या लोकांना गाव सोडण्याचा हुकूम मिळाला तो २२ एप्रिलला.

ज्वारीवाल्यांनी पुढचे नीट ऐकावे. जपानी शेतकरी भाताचा पेंढा हिवाळाभर शेतात पडू देतात. त्या मार्चमध्ये तो उघड्यावर होता, त्यावर सीझियम बसले. आधीपासून घरात झाकलेला चाराच जनावरांना घाला, असा सल्ला सरकारने काढला होता. पण पेंढा विकणाऱ्या भातवाल्यांपर्यंत तो पोचला नाही. पेंढा दूरदूरच्या गोठ्यांत गेला. जुलैत गोमांसात सीझियम सापडले, तोवर मांस बाजारात जाऊन लोकांनी खाल्ले होते. मग ज्यांच्या गोठ्यात काहीच नव्हते त्यांचाही भाव पडला. आपल्या कडब्याच्या गंज्या उघड्यावरच असतात ना?

म्हणून सांगतो, हा विषय नुसता प्रकृतीचा नाही, भावाचा आहे. विश्वासाचा आकडा नसेल तर अफवा आकडा ठरवते. चेर्नोबिलनंतर आयर्लंडहून आलेल्या लोण्यावरून आपल्याकडे असा वाद झाला होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८८ साली तज्ज्ञांच्या समितीच्या अहवालावर ते लोणी खाण्याजोगे ठरले. परदेशी लोण्यासाठी समिती बसली. उद्या काही झाले आणि मंचरच्या दुधाला, नारायणगावच्या टोमॅटोला गिऱ्हाईक हात लावेना, तर आपल्यासाठी कोण बसणार आहे?

काट्याचा मालक कोण

आपल्याकडची व्यवस्था वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ भाभा केंद्राची पर्यावरण प्रयोगशाळा असते. ती केंद्र चालवणाऱ्या महामंडळाच्या हाताखाली नसते. हवा, पाणी, दूध, भाजीपाला, मासे तपासते. देशभर किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्रांचे जाळे भाभा केंद्राने बसवले आहे. वर १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ आहे. लोकांच्या अंगावर केंद्रामुळे वर्षाला एक मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त किरणोत्सर्ग येता कामा नये, अशी मर्यादा आहे; निसर्गातूनच जगातल्या माणसाला सरासरी याच्या दुप्पट-अडीचपट मिळतो. केंद्राभोवती सोळा किलोमीटरपर्यंत संकटकाळाची योजना करावी लागते.

पण चालवणारे, मोजणारे आणि तपासणारे हे तिघे वर्षानुवर्षे एकाच घरातले भाऊ राहिले. नियामक मंडळाला कायद्याचे स्वतंत्र बळ नाही, असा शेरा महालेखापरीक्षकांनी २०१२ साली मारला होता. ११ मार्च २०१६ ला, फुकुशिमाला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, काकरापारच्या पहिल्या भट्टीत नळी चिरून जड पाणी गळू लागले. केंद्रापुरती आणीबाणी जाहीर झाली. बाहेर काही वाढले नाही असे अधिकाऱ्यांनी सांगितले. ते खोटे होते असे म्हणायला आमच्यापाशी काहीही आधार नाही. खरे होते हे स्वतः ताडून पाहायलाही आसपासच्या गावकऱ्याच्या हातात काही नव्हते. घेणाऱ्याच्या आवारातला भुईकाटा खरा असूही शकतो. आपले म्हणणे एवढेच, की गाडी बाहेरच्या काट्यावर नेण्याची सोय असावी.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा करून या धंद्याचे दार खाजगी कंपन्यांना उघडले आणि नियामक मंडळाला कायद्याचा दर्जा दिला. खाजगी भांडवल आले म्हणून आम्ही छाती पिटणार नाही. सरकारी खरेदीच्या काट्यावरही आम्ही नागवले गेलो आहोत, तेव्हा मालक बदलल्याने माप सुधारते किंवा बिघडते, असा आमचा अनुभव नाही. माप सुधारते ते दुसरा काटा असला तर.

तेव्हा ज्यांची गावे तारापूरच्या, काकरापारच्या सोळा किलोमीटरांत आहेत किंवा जैतापुरात येऊ घातली आहेत, त्या भावांनी मागायचे काय ते मांडतो. धुराड्याचे यंत्र किती दिवस बंद होते आणि त्या दिवसांत कशाने मोजले, हे दर तिमाहीला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावे. राखीव यंत्राची वीज, तार आणि खोली मुख्य यंत्रापासून वेगळी असावी आणि ती वेगळी आहे हे बाहेरच्या माणसाला दाखवावे. गावातल्या बिल्ल्यांपैकी काही एखाद्या विद्यापीठाच्या किंवा शेतकी महाविद्यालयाच्या ताब्यात असावेत, म्हणजे वाचणारा हात निराळा होईल. प्रत्येक आकड्याशेजारी जागा, उंची, तारीख आणि वेळ लिहिलेली असावी. आणि काही घडले तर कलेक्टर कचेरीतला पहिला फोन वर्तमानपत्राला जाण्याआधी दूध संघाला जावा : चारा झाका, जनावरे आत घ्या, आजचे दूध बाजूला ठेवा. एवढ्या तीन वाक्यांना काही खर्च येत नाही.

आपण जे लांबचे आहोत त्यांचे काम लहान आहे. आपल्या मोकळ्या रानात आजचा आकडा काय आहे हे एकदा मोजून, तारखेसह वहीत लिहून ठेवणे. दख्खनच्या काळ्या पाषाणावर हा नैसर्गिक आकडा केरळच्या वाळूच्या किनाऱ्याच्या मानाने पुष्कळ कमी असतो. एखाद्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागाकडे साधे मोजयंत्र मिळते. प्राध्यापकांना चहा पाजून दोन शिवारांत फिरवले की झाले. उद्या कुणी म्हणाले तुमच्या मालात अमुक आहे, तर आधीची वही आपल्यापाशी असेल.

ठरावाचा मसुदा या पानामागे छापला आहे. जिल्हा बैठकीत तो वाचावा, दुरुस्त्या सुचवाव्यात, आणि पालघर-नंदुरबारच्या भावांनी आपापल्या गावाचे केंद्रापासूनचे अंतर समासात लिहून तो परत पाठवावा. जेवणानंतर कडबा झाकण्याच्या ताडपत्रीच्या भावावर बोलायचे आहे, तेव्हा कुणी लगेच एस. टी. धरू नये.